शिल्पाला झील धरणारा

उघड्या जागेत, बागेत वा माळावर मांडलेल्या आजच्या शिल्पांविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते, त्यात एक शब्द सर्रास येतो आणि तोच सर्वांत अधिक घोटाळा करतो. तो शब्द म्हणजे ‘प्रेक्षक’. प्रेक्षक पाहतो, पाहण्यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षित नसते. परंतु गेल्या साठ-पासष्ट वर्षांत शिल्पकलेचा एक मोठा प्रवाह असा आहे, की त्यातील कृती पाहून पुरी होतच नाही. ब्राझीलच्या लिजिया क्लार्कने १९६० च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांची शिल्पे केली. ती हातांत घेऊन उलगडल्यावाचून त्यांना आकारच नाही. तिचाच देशबंधू एलिओ ओइटिसिका याने १९६४ पासून अंगावर घ्यावयाची वस्त्रशिल्पे केली. खुंटीवर टांगली तर ती चिंध्या, अंगावर घेऊन नाचले तरच शिल्प. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ २००६ साली पुरे झाले. त्याच्या कमानीखाली शिरून स्वतःचे वेडेवाकडे प्रतिबिंब शोधणाऱ्या माणसांखेरीज ते काय उरेल, हा प्रश्नच आहे. लोकांनी त्याला ‘बीन’, म्हणजे घेवड्याची बी, असे नाव ठेवून टाकले, आणि नाव ठेवणे हाही ताबा घेण्याचाच एक प्रकार होय.

अशा कृतींसमोर उभ्या राहणाऱ्या माणसास काय म्हणावे? ‘सहभागी’ हा शब्द शासकीय परिपत्रकातून आलेला आहे. ‘आंतरक्रियात्मक शिल्प’ हा समास तर कोणाच्याही तोंडी बसणारा नाही. शब्द सापडत नाही, याचे कारण शब्दकोशाच्या तोकडेपणात शोधू नये. मराठी सौंदर्यविचाराने आपली मांडणी ज्या बैठकीवरून केली, त्या बैठकीत त्याचे मूळ आहे.

मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली आले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीचे घटक एकमेकांशी बांधले जातात, हा त्यांचा सिद्धांत मराठी समीक्षेला शिस्त लावणारा ठरला, याबद्दल दुमत नाही. तथापि त्या सिद्धांतात कलाकृती ही पुरी झालेली, कडा असलेली वस्तू आहे आणि तिचा आस्वाद घेणारा तिच्या कडेबाहेर आहे. त्याला जोड मिळाली ती बुलोने १९१२ साली मांडलेल्या ‘मानसिक अंतरा’च्या कल्पनेची. दोन-तीन पिढ्यांच्या अध्यापनातून ‘ताटस्थ्य’ हा रसिकाचा गुण ठरून गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या संस्कृत काव्यशास्त्राचा वारसा आपण सांगतो, त्यात ताटस्थ्य हा गुण नाही. रस हा परक्याचा म्हणून, तटस्थपणे, प्रतीत होत नाही आणि केवळ स्वतःचा म्हणूनही प्रतीत होत नाही, अशी भट्टनायकाची भूमिका आहे. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना आपपरभावाचे हे दोन्ही निर्बंध विघ्नांतच घातले आहेत. साधारणीकरणाने जी अवस्था येते ती अलिप्ततेची नव्हे. आपण पाश्चात्त्य संकल्पनेला संस्कृतोद्भव नाव दिले आणि मग ती आपलीच असल्यासारखे वागू लागलो. तुलनेच्या अभ्यासात असे अपघात नेहमीच घडतात. हा जरा महागात पडला, इतकेच.

याच मराठीत दुसरी एक वाट होती, तिचे स्मरण भिलईच्या संदर्भात सहज होते. भिलईहून जवळच राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अखेरपर्यंत हिंदीचे अध्यापन करीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात मराठीत लिहीत राहिले आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात त्यांनी ‘मानुषता’ हे मूल्य मांडले. कलाकृतीचे मोल तिच्या घाटात संपत नाही, माणसाच्या माणूसपणाशी तिचा जो व्यवहार होतो त्यात ते असते, असा त्या मांडणीचा रोख. साहित्यापुरताच तिचा विचार झाला. शिल्पाकडे ती वळवून पाहण्याचे कोणाला सुचले नाही, आणि मराठी समीक्षेत शिल्पाची उपेक्षा पाहता त्यात नवल नाही.

आता कुरुद. धमतरी जिल्ह्यात याच नावाचे दुसरे, अधिक प्रसिद्ध कुरुद आहे. येथे अभिप्रेत आहे ते दुर्ग जिल्ह्यातले, भिलई शहराने पोटात घेतलेले. सोव्हिएत साहाय्याच्या १९५५ च्या करारातून पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भोवतालच्या भातशेतीच्या गावांचे हळूहळू वस्त्यांत रूपांतर होत गेले. कुरुद त्यांपैकी एक. शेजारी जामुल, तेथे सिमेंटचा कारखाना. झोतभट्टीतून निघणारा स्लॅग सिमेंटमध्ये जातो. म्हणजे लोखंड, सिमेंट आणि माती हे आधुनिक शिल्पाचे तिन्ही द्रव्यपदार्थ या टापूत पायाखाली आहेत. भंगारलोखंडातून शिल्पे घडविण्याची परंपराही भिलईत रुजली आहे. अशा ठिकाणी, शहर आणि शिवार यांच्या सांध्यावर, उघडे शिल्पोद्यान व्हावे असे कोणासही वाटेल. ते कसे असावे, हा मात्र वादाचा विषय आहे. तो वाद आधी करून घेतलेला बरा, कारण एकदा चबुतरे बांधून झाले की चबुतऱ्यांनाच मत प्राप्त होते.

या वादासाठी लागणारा शब्द याच मातीत मिळण्याजोगा आहे. पंडवानीच्या गायिका तीजनबाई या भिलईजवळच्या गनियारीच्या. त्यांच्या हातातला तंबुरा कथेच्या ओघात भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, रथ होतो, दुःशासनाचा उपटलेला हातही होतो. वस्तू एकच, तिचे शिल्प दर क्षणाला नवे. परंतु हे रूपांतर एकट्या गायिकेच्या सामर्थ्याने घडते असे समजणे चुकीचे ठरेल. बाजूला ‘रागी’ बसलेला असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न करतो, आश्चर्य दाखवतो, शेवटचे शब्द उचलून धरतो. रागी गप्प झाला तर कथा चालत नाही. मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहे तो पोवाड्यातला झीलकरी आणि कीर्तनातला टाळकरी. ‘झील धरणे’ या क्रियापदात जे आहे ते ‘सहभाग घेणे’ यात नाही. झील धरणारा शाहिराची जागा घेत नाही, तो श्रोत्यांतही मोडत नाही. पण त्याच्यावाचून पोवाडा अर्धा. नव्या शिल्पापुढच्या माणसाला हे नाव शोभते. त्यातून कसोटीही आपोआप निघते: झीलकरी गप्प बसला तर कृती थांबते काय? थांबत नसेल तर तिला खुशाल चांगले शिल्प म्हणावे, पण सहभागाचे शिल्प म्हणू नये.

ही कसोटी लावली की आपल्याच घरातील काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीचे उदाहरण घ्यावे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, अशी नोंद सांगितली जाते. बांबू, कागद, कापड आणि रंग यांनी उभारलेल्या या प्रचंड स्त्रीमूर्ती खांद्यांवरून वस्त्यावस्त्यांतून नेल्या जातात. रोगराई घेऊन जाण्यास त्यांना ओरडून सांगितले जाते. शेवटी त्या जाळल्या जातात. काळ्या मारबतीचा संबंध लोकस्मृतीने भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईशी, इंग्रजांना तिने दिलेल्या साथीशी लावला आहे. बरोबर ‘बडगे’ असतात. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा कोणी नकोसा झालेला पुढारी, यांचे पुतळे. शिल्पशास्त्राच्या दृष्टीने यांत ओबडधोबडपणा भरपूर आहे. प्रमाणबद्धता नाही, टिकाऊपणा तर मुळीच नाही. पण युरोपातील कलाविचाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या तात्त्विक यातायातीनंतर ज्या गोष्टी मिळवल्या, म्हणजे कृतीचे क्षणिकत्व, समूहाचे कर्तृत्व, रस्ता हेच प्रदर्शनगृह, त्या सर्व येथे शंभराहून अधिक वर्षे विनातक्रार चालू आहेत. योसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल येथे सात हजार ओक वृक्ष लावण्याचा उपक्रम आरंभून त्यास सामाजिक शिल्प म्हटले. इतवारीतल्या कारागिरांनी आपल्या उपक्रमास काही म्हटले नाही, म्हणून तो कलेच्या इतिहासात आला नाही.

त्याच पोळ्याची दुसरी बाजू अधिक कोवळी आहे. नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत आणतात. छत्तीसगढात पोरा या नावाने हाच सण होतो आणि तेथे बैल मातीचे असतात. त्यांना ‘नांदिया बैला’ म्हणतात, मातीचीच चाके बसवून मुले ते पळवतात. मुलींसाठी मातीची चूल, जाते, भांडी. संध्याकाळपर्यंत निम्म्या बैलांचे पाय मोडतात. ते मोडणे हा त्या वस्तूच्या रूपाचाच भाग आहे. पुढल्या वर्षी कुंभार नवे करतो. हे साम्य केवळ योगायोगाचे समजू नये. १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढशी संबंध आला, १७५८ पासून बिंबाजी रतनपुरात राहून कारभार पाहू लागला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करीपर्यंत तो टापू त्याच छत्राखाली होता. सणांची देवाणघेवाण राज्यांपेक्षा जुनी असते, हे मान्य. पण राज्यांनी तिचे रस्ते रुंद केले, हेही खरे. माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी घरातला मनुष्य १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढतो आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेतो, ते याच रस्त्याने.

यांच्याशी तुलना करून शासनाने उभारलेली उद्याने पाहावीत. नवा रायपूर येथील पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. राज्याच्या लोकजीवनाचे दर्शन एके ठिकाणी व्हावे हा हेतू चांगलाच आहे आणि तेथे काम केलेल्या कारागिरांचे कौशल्यही वादातीत आहे. पण तेथे लोकनर्तक पुतळे होऊन उभे आहेत. पाय उचललेला, हात फेकलेला, ढोल गळ्यात. आणि शेकडो वर्षांचा नाच त्या एका ठेक्यावर थबकलेला. नागपुरात पुतळ्याला नाचवितात, येथे नाचणाऱ्याचा पुतळा केला. पर्यटकाला नाचणाऱ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येते. हल्ली शहरोशहरी ‘आय लव्ह अमुक’ अशी जी लाल अक्षरे उभारली जात आहेत, त्यांच्याशीही लोक याच रीतीने ‘सहभागी’ होतात. बटण दाबले की दिवा लागावा, एवढ्यावर जर परस्परता मिळत असेल तर लिफ्ट हे विसाव्या शतकातले थोर शिल्प म्हणावे लागेल.

मग शासकीय जमिनीवर, सरकारी नोकराच्या हातून, सहभागाचे उद्यान होऊच शकत नाही काय? चंडीगढचे नेकचंद हे याचे उत्तर आहे. बांधकाम खात्यातला हा रस्तानिरीक्षक टाकाऊ फरशा, बांगड्या, विजेच्या सामानाचे तुकडे जमवून गुपचूप एक नगरी रचीत होता. १९७५ मध्ये ती उघडकीस आली आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढे कमानींना झोपाळे टांगले गेले. शिल्पाच्या पोटात बसून माणसे झोके घेऊ लागली. खरी कसोटी १९९० साली लागली. रस्त्यासाठी बागेचा भाग पाडण्यास यंत्रे आली तेव्हा नागरिक हातांत हात घालून साखळी करून उभे राहिले. झोपाळ्यावर बसलेला माणूस यंत्रापुढे उभा राहतो, चबुतऱ्याकडे मान वर करून पाहणारा बहुधा राहत नाही.

परंतु कुरुदच्या विचारास सर्वांत उपयोगी पडणारे उदाहरण छत्तीसगढातच, कोंडागावात आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या नवजोत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमध्ये जाऊन राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम या स्थानिक कलावंतांसमवेत काम करू लागल्या. त्यातून ‘नलपार’ निघाले. नळपार म्हणजे हातपंपाभोवतीची जागा. सरकारने पंप बसविला की भोवती चिखल होतो, डास होतात, बायका ओणव्या होऊन हंडा उचलतात आणि पाठ धरते. या कलावंतांनी बायकांशी बोलून त्या जागेचा घाट बदलला. हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर न घेता टप्प्याटप्प्याने चढविता यावा असे ओटे केले, सांडपाण्याला वाट दिली, भोवतीच्या भिंतींना त्या परिसरातील चिन्हांचे आकार दिले. ‘पिला गुडी’, म्हणजे लेकरांची देवळे, हा दुसरा उपक्रम. मुलांनी जमावे, खेळावे, काही करावे यासाठीच्या वास्तू. मराठी कानाला ‘पिला’ शब्दात पिल्लू ऐकू येते. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात हलबीला मराठीच्या खंडात बसविले होते, ते वर्गीकरण वादग्रस्त असले तरी कान त्याची साक्ष देत राहतो.

नलपार हे शिल्प की स्थापत्यातली सोय? हा आक्षेप हलका नाही, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. उपयुक्तता आली की सौंदर्य गेले, असे लौकिक-अलौकिक वादातला एक पक्ष म्हणेलच. पण ओट्याची उंची कोणी ठरविली, हे पाहावे. ती हंडा उचलणाऱ्या बाईच्या कमरेने आणि खांद्याने ठरविली. शिल्पाचे प्रमाण मानवी देहावरून घ्यावे हा तर प्राचीन नियम. येथे तो प्रतिमेच्या देहाऐवजी वापरणारीच्या देहावरून घेतला आहे. हंडा चढविण्याच्या त्या हालचालीत उचल आहे, विसावा आहे, पुन्हा उचल आहे. मर्ढेकरांची लय हवीच असेल तर ती तेथे आहे. फक्त ती दगडात शोधून सापडणार नाही. बाई पाण्याला आली नाही तर नलपार थांबते. कसोटीला ते उतरते.

राहिला झिजेचा प्रश्न. उद्यानांचे व्यवस्थापक सहभागाला भितात ते यासाठीच, आणि त्यांची भीती रास्त आहे. लोक हात लावतील, चढतील, नावे कोरतील. येथे पंढरपूरकडे पाहावे. पदस्पर्शदर्शनाने विठ्ठलमूर्तीच्या पायांची झीज झाली, म्हणून तिच्यावर वेळोवेळी रासायनिक लेपन करावे लागले. २०२४ साली गर्भगृहाच्या कामासाठी पदस्पर्श काही आठवडे बंद होता आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. स्पर्श कायमचा बंद करा, असे म्हणण्यास कोणी धजावले नाही. झीज हा तेथे देखभालीचा विषय आहे, मनाईचा नव्हे. मूर्ती ही पूजेची वस्तू, शिल्प हे कलेची, अशी भेदरेषा कोणी दाखवील. पण दगडाला ती ठाऊक नसते, आणि अंदाजपत्रकात दोहोंसाठी लागतो तो पैसाच. उद्यानाच्या अंदाजपत्रकात उद्घाटनाच्या दगडासाठी तरतूद असते, कुंभाराने दरवर्षी नवे बैल करावेत यासाठी नसते. सहभागाचे शिल्पोद्यान करावयाचे तर हा खर्चाचा क्रम उलटा करावा लागेल. त्याला शिल्पकारांचाही विरोध होईल, कारण आपले काम टिकावे असे कोणाला वाटत नाही?

याहून बिकट गोष्ट निराळी आहे. ज्या भूमीत खांबाला जीव आहे तेथे शिल्पाशी खेळणे नेहमीच निरुपद्रवी नसते. सतनामी समाजाचा जैतखांब हा पांढरा, वर पांढरा पालो फडकणारा स्तंभ. १८ डिसेंबरला, गुरू घासीदासांच्या जयंतीस, पालो बदलला जातो आणि भोवती पंथी नाचली जाते. शिल्प, विधी आणि नृत्य येथे सुटे करता येत नाहीत. मे २०२४ मध्ये गिरौदपुरीजवळ जैतखांबाची नासधूस झाली, आणि त्या संतापाची परिणती जूनमध्ये बलौदाबाजारच्या जिल्हाधिकारी कचेरीला आग लागण्यात झाली. त्या जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण खांबाकडे ‘लोककलेचा नमुना’ म्हणून पाहणाऱ्या उद्यानरचनाकाराने ही घटना वाचावी, आणि प्रतिकृती उभारण्यापूर्वी ती कोणाला विचारून उभारावयाची, याचा विचार करावा. भिलईत पॉवर हाऊस स्थानकापाशी १ जुलै १९९२ रोजी गोळीबारात कामगार मेले. त्या तारखेला कामगार अजून जमतात. जमतात तेवढा वेळ त्या जागेला आकार येतो, पांगले की पुन्हा रूळ आणि फलाट. पोलादाच्या नगरीत कामगाराचे शिल्प करावयाचे झाल्यास स्नायू फुगविलेला, हातोडा उगारलेला पुतळा सुचणे सोपे आहे. या जमण्याला जागा देणे अवघड आहे; ते कोणत्याही शासकीय समितीस परवडेल असे दिसत नाही.

कुरुदमध्ये कधी असे उद्यान झाले तर त्याची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी घेऊ नये. पोऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, आणि वाटेवर मातीच्या बैलांचे मोडके पाय पडलेले आहेत की ‘शिल्पास हात लावू नये’ ही पाटी आदल्या संध्याकाळी नव्याने रंगविली आहे, ते पाहावे.